जुना मृदंग

श्रावण संपत आला म्हणजे आमच्या मालवणी मुलखांत घरोघर माळ्यावरची आवराआवर सुरू होते. गणपतीची माटवी खालीं येते, समया घासल्या जातात, आणि ज्या घरीं भजनाची परंपरा आहे त्या घरीं गवसणींत गुंडाळलेला मृदंगहि अलगद खालीं उतरविला जातो. वर्षभरांत त्याची आठवण फारशी कोणास झालेली नसते. गवसणी सोडून पाहावें, तों कधीं पुडी उंदरानें कुरतडलेली, कधीं वादी तुटलेली, तर कधीं शाईचे पापुद्रे निघालेले. मग घरांतील कर्ता पुरुष म्हणतो, "हा गेला. आतां नवाच आणूं."

आज मला बोलावयाचें आहे तें या "गेला" शब्दाविषयीं. मृदंग गेला असें केव्हां म्हणावें आणि केव्हां म्हणूं नये, हें ठरविण्यास त्या वाद्याचा इतिहास थोडा ठाऊक असावा लागतो. मला तो ठाऊक नव्हता, म्हणून माझ्या हातून एक चूक घडली. त्या चुकीपासूनच आरंभ करितों.

मी कांहीं वाजविणारा नव्हे. प्राथमिक शाळेंत मुलांना पाढे आणि कविता शिकविण्यांत माझी नोकरी सरली. शाळेच्या प्रार्थनेला ताल धरण्यापुरताच माझा हात. सेवानिवृत्त झाल्यानंतर एके दिवशीं मालवणांत जुन्या सामानाचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाकडे गेलों असतां तांब्याचे हंडे, मोडके पाळणे आणि लांकडी पेटारे यांच्यामध्यें एक मृदंग आडवा पडलेला दिसला. किनाऱ्यालगतचें एक जुनें घर बंद झालें होतें. मालक मंडळी मुंबईस स्थायिक. घरांतील सामान एकगठ्ठा विकलें गेलें, त्यांतच हा मृदंगहि आला. एके काळीं त्या घराच्या पडवींत दर एकादशीस भजन होत असे, हें मला ऐकून ठाऊक होतें. व्यापारी सहज म्हणाला, "गुरुजी, हा उभा करून वर कांच बसविली कीं बंगल्यांत शोभेचें टेबल होतें. शहरांतले लोक हौसेनें नेतात." त्याच्या बोलण्यांत वावगें असें कांहीं नव्हतें, तो त्याचा धंदा. परंतु तें वाक्य माझ्या मनास लागलें, आणि लांकडाच्या भावांत तो मृदंग विकत घेऊन मी घरीं आलों.

खोड फणसाचें होतें. दोन फुटांहून किंचित् लांब, मध्यें फुगीर, दोन्ही टोकांस निमुळतें. डाव्या, म्हणजे धुमाच्या तोंडाची पुडी फाटून लोंबत होती. उजव्या तोंडाची पुडी मात्र शाबूत होती. तिच्यावर बुरशी धरली होती, पण मधली काळी शाई अजून तुळतुळीत होती. बोटानें हलकेंच टिचकी मारली, तर आंतून एक दबका पण गोड स्वर आला. मला वाटलें, हिला नुसता ओलावा बाधला आहे. दोन दिवस ऊन दाखविलें कीं ही बोलूं लागेल. वैशाखाचे दिवस होते. वाद्यांखालीं ठोकलेले लांकडी गठ्ठे सैल न करतांच मीं तो मृदंग अंगणांत कडक उन्हांत ठेविला, आणि जेवून जरा आडवा झालों. थोड्या वेळानें बाहेर फट्‌दिशीं आवाज झाला. जाऊन पाहतों तों पुडी किनारीपासून शाईपर्यंत उभी चिरली होती. किती तरी वर्षें जगलेली ती पुडी मीं एका दुपारीं मारली. एवढ्यावर न थांबतां, खोडाला तरी पोषण मिळावें अशा समजुतीनें मीं त्याला आंतून-बाहेरून खोबरेल तेल चोळलें.

नंतर तो मृदंग घेऊन मी कुडाळच्या बाजूस, पिढीजात मृदंग मढविणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलों. त्यांनीं फाटलेल्या पुडीकडे नीट पाहिलेंहि नाहीं. खोडाच्या आंत नाक घालून वास घेतला आणि विचारलें, "तेल कित्याक लावलात?" मीं माझा अपराध सांगितला, पुडी चिरल्याचें दुःखहि सांगितलें. तेव्हां ते शांतपणें म्हणाले, "पुडी काय, ती मरतलीच. खोड तेवढां सांभाळा."

हें वाक्य मी घेऊन घरीं आलों आणि पुस्तकें चाळूं लागलों. त्या कारागिरानें एका वाक्यांत या वाद्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास सांगितला होता, हें मला हळूहळू उमगत गेलें.

मृदंग हा शब्दच पाहा. मृद् म्हणजे माती. ज्याचें अंग मातीचें तो मृदंग, असा एक अर्थ. ज्याच्या अंगावर माती लाविली जाते तो मृदंग, असा दुसरा. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत या जातीच्या वाद्यांस पुष्कर असें नांव आहे, आणि त्यांच्या जन्माची एक सुंदर कथा आहे. स्वाति नांवाचे ऋषि एका अनध्यायाच्या दिवशीं, म्हणजे पाठशाळेस सुटी असतां, पाणी आणावयास सरोवरावर गेले. आभाळ भरून आलें होतें. पाऊस कोसळूं लागला आणि कमळाच्या लहान, मध्यम व मोठ्या पानांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे ध्वनि त्यांच्या कानीं आले. ते त्यांनीं मनांत सांठविले, आणि आश्रमांत परत येऊन विश्वकर्म्याच्या साहाय्यानें पुष्कर वाद्यें घडविलीं. शिक्षकाला या कथेंतील सुटीचा दिवस विशेष आवडावा हें स्वाभाविकच आहे. पण कथेंतील मर्म निराळें आहे. हें वाद्य पाण्याच्या आवाजांतून जन्मलें. आणि पाणी, ओलावा, दमटपणा यांच्याशीं त्याचें नातें आजतागायत सुटलेलें नाहीं.

भरतमुनि या वाद्यांचे तीन आकार सांगतात: एक हिरड्यासारखा, एक जवाच्या दाण्यासारखा आणि एक गाईच्या शेपटीसारखा. पैकीं मांडीवर आडवें घेऊन वाजवावयाचें, तें हिरड्याच्या आकाराचें. आपल्या मृदंगाची फुगीर घडण हिरड्याशेजारीं ठेवून पाहा; साम्य चटकन् ध्यानांत येईल. हातानें चर्मवाद्य वाजविण्याची ही कला आपल्या महाराष्ट्रांत किती जुनी आहे, याची साक्ष पाहावयाची असेल तर पुणें जिल्ह्यांत मळवली स्टेशनानजीक भाजे येथील लेणीं पाहावींत. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या त्या शिल्पांत एक स्त्री चर्मवाद्यावर हातांनीं ताल धरीत असून दुसरी नृत्य करीत आहे.

आतां पुडीवरील लेपाकडे वळूं. कारण मृदंगाचा सारा जीव त्या लेपांत आहे. भरतमुनींच्या काळीं हा लेप मातीचा होता. ती माती कशी असावी, हें ते बारकाईनें सांगतात. खडा नको, वाळू नको, खारटपणा नको. नदीकांठची काळसर, मऊ, पाणी ओसरल्यावर स्वर धरणारी माती हवी. अशी माती न मिळाल्यास गव्हाचें किंवा जवाचें पीठ लावावें, परंतु त्यानें आवाजांत विविधता राहत नाहीं, असा त्याचा दोषहि ते नोंदवितात. म्हणजे आज आमचा भजनी बुवा धुमाला जी कणीक लावतो, ती दोन हजार वर्षांपूर्वीं अडीअडचणीची सोय म्हणून सांगितलेली आहे! अडचणीची सोय पुढें रीत झाली, आणि रीत झाल्यावर ती मूळची अडचण कोणाच्या स्मरणांतहि राहिली नाहीं.

पुढें तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकर हा ग्रंथ लिहिला. त्यांत मर्दलाच्या, म्हणजे मृदंगाच्याच कुळांतील वाद्याच्या तोंडांवर शिजविलेला भात आणि राख यांचें मिश्रण लावावें असें सांगितलें आहे. माती गेली, भात आला. एका संस्कृत सुभाषितांत तर या लेपावरून मनुष्यस्वभावास कोपरखळी मारलेली आहे. मृदंगाच्या तोंडांत पिठाचा गोळा पडला कीं तोहि गोड बोलूं लागतो. मग तोंडांत घांस भरल्यावर वश न होणारा मनुष्य कोण, असा त्याचा आशय. विनोद सोडून दिला तरी यावरून एवढें निश्चित दिसतें कीं, वाजविण्यापूर्वीं तोंडाला लेप लावणें ही गोष्ट लोकांच्या नित्य पाहण्यांतली होती.

नंतरच्या काळांत उजव्या तोंडावर लोखंडाच्या बारीक भुकटीची कायमची शाई आली. लोखंडाची भुकटी आणि भाताची किंवा पिठाची खळ एकत्र मळून तिचा पातळ थर पुडीवर देतात, तो गुळगुळीत दगडानें घोटतात, वाळल्यावर दुसरा थर, पुन्हां घोटणें. अशा थरांवर थर चढवून मध्यें जाड व कडेला पातळ असा तो काळा चंद्र तयार होतो. घोटतांना त्यांत केसासारख्या असंख्य बारीक भेगा पडतात. अजाण मनुष्यास तो दोष वाटतो. वास्तविक त्या भेगांमुळेंच शाई पुडीबरोबर लवते आणि कंप पावते. ती एकसंध दगडासारखी असती तर मृदंग मुका झाला असता.

डाव्या तोंडावर मात्र जुनी रीतच राहिली: वाजविण्यापूर्वीं ओली कणीक थापावयाची, आणि वाजवून झाल्यावर काढून टाकावयाची. म्हणजे एकाच खोडावर दोन काळ शेजारीं-शेजारीं नांदत आहेत. डाव्या हाताखालीं भरतमुनींचा काळ आणि उजव्या हाताखालीं लोखंडाचा. हें ध्यानांत आल्यावर मला माझ्या कारागिराच्या बोलण्याचा अर्थ कळला. माती बदलली, भात बदलला, राख गेली, लोखंड आलें. कातडें तर दर कांहीं वर्षांनीं बदलतच आलें. आपल्या मृदंगाचें तोंड हें कधींच जुनें नसतें. जुनें असतें तें खोड, आणि त्यावर तोंड कसें बसवावें याचें ज्ञान.

हा लेप नेमका करितो काय, याचें उत्तर विसाव्या शतकांत एका भारतीय शास्त्रज्ञानें दिलें. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें प्रकाशाविषयींच्या शोधाबद्दल. परंतु त्यापूर्वीं दहा वर्षें, १९२० सालीं, त्यांनीं शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' या नियतकालिकांत मृदंग-तबल्याविषयीं एक लहानसा लेख प्रसिद्ध केला होता; आणि १९३४ सालीं त्याच विषयावर सविस्तर निबंध लिहिला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: साध्या ढोलाचें कातडें वाजविलें म्हणजे त्यांतून अनेक कंप एकदम उठतात, पण त्यांचा परस्परांशीं मेळ नसतो. मूळ कंप शंभर धरला तर पुढचे सुमारें एकशें एकोणसाठ, दोनशें चौदा, दोनशें तीस असे वांकडेतिकडे येतात. म्हणून ढोलाचा आवाज मोठा असतो, पण त्यांत स्वर सांपडत नाहीं. मध्यें शाईचें वजन दिलें कीं हे कंप सरळ पटींत येतात: शंभर, दोनशें, तीनशें, चारशें, पांचशें. वीणेच्या तारेंत जो मेळ असतो तोच येथें कातड्यांत उत्पन्न होतो. रामन यांनीं पुडीवर बारीक वाळू पसरून या कंपांच्या आकृत्याहि पाहिल्या. ज्या कारागिरांनीं हा मेळ साधला त्यांच्यापाशीं ना वाळूच्या आकृति होत्या, ना गणित. त्यांच्यापाशीं कान होता, आणि थोर म्हणजे बापाच्या हाताखालीं पुडी घोटण्याची सवय होती.

आतां हें वाद्य आमच्या किनाऱ्यावर कोणत्या वाटेनें टिकून राहिलें, तें पाहूं. आमच्याकडे मृदंग आणि पखवाज हीं दोन्ही नांवें एकाच वाद्यास लाविलीं जातात. पखवाज हा शब्द पक्षवाद्य किंवा पक्षातोद्य यांवरून आला असें मानतात. पक्ष म्हणजे बाजू, दोन्ही बाजूंनीं वाजणारें तें पखवाज. राजदरबारीं ध्रुपदगायनाची साथ करण्याचा मान त्यास होता. एकोणिसाव्या शतकांत वाईकडचे नाना पानसे यांनीं इंदूरास होळकरांच्या दरबारीं राहून जी वादनपरंपरा घडविली, ती महाराष्ट्रांत दूरवर पसरली. परंतु ध्रुपद ओसरलें, ख्याल आणि ठुमरी पुढें आली, तसा बैठकींत तबला बसला आणि पखवाजास उठावें लागलें. बैठकींतून उठलेला हा पाहुणा बेघर झाला नाहीं, याचें श्रेय देवळास, कीर्तनास आणि भजनास द्यावयास हवें. वारकऱ्यांच्या दिंडींत तो गळ्यांत राहिला. कोंकणांत तो पडवींत आणि रंगभूमीवर राहिला.

आमची ती रंगभूमि म्हणजे दशावतार. आडिवऱ्याचे श्यामजी नाईक काळे यांनीं १७२८ च्या सुमारास हा खेळ कोंकणांत रूढ केला असें नाट्येतिहासांत सांगितलें जातें. आज वालावलकर, मोचेमाडकर, आजगांवकर, चेंदवणकर, पार्सेकर अशा गांवांच्या नांवांनीं मंडळ्या ओळखल्या जातात. या खेळांत लिहिलेली संहिता नसते. नट ऐन वेळीं संवाद रचतात. त्यामुळें बाकावर बसलेला मृदंगी हा केवळ साथीदार राहत नाहीं. राजा कोणत्या क्षणीं गर्जेल आणि संकासुर कोणत्या क्षणीं उडी मारील, हें त्याला नटाच्या चेहऱ्यावरून ओळखावें लागतें. पेटी, झांज आणि मृदंग एवढ्याच सामग्रीवर रात्रभर युद्धें होतात, आणि पहाटे दहीकाला होतो.

येथें पंचांगाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दशावताराच्या जत्रा कार्तिकापासून पुढें, कोरड्या दिवसांत चालतात, आणि पावसाळ्यांत मंडळ्या विसांवा घेतात. म्हणून नाटकमंडळींच्या मृदंगास हवा मानवते. भजनी मृदंगाचें उलट आहे. श्रावणांतील सप्ताह आणि भाद्रपदांतील गणपति हे त्याचे खरे सण, आणि तेच ऐन ओले दिवस! या जिल्ह्यांत सरासरीनें शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. हवेंतील ओलावा पिऊन कातडें सैल होतें, स्वर उतरतो; मग उत्साही वादक हातोडीनें गठ्ठे ठोकून तो बळेंच चढवितो. दसऱ्यानंतर हवा कोरडी पडली कीं तेंच ताणलेलें कातडें आणखी आवळतें, आणि माळ्यावर एकट्यानें, कोणी पाहत नसतांना, फाटतें. घरांतल्या माणसांस वाटतें, न वाजवितां हा फाटला कसा? तो न वाजविल्यामुळें फाटला नाहीं; सैल न करतां ठेविल्यामुळें फाटला.

पूर्वीं माळ्यावर ठेविलेलीं वाद्यें पुष्कळ वर्षें टिकत, याचेंहि कारण शोधल्यास सांपडतें. माजघराच्या माळ्याखालीं चूल होती. चुलीच्या उबेनें माळा कोरडा राही, आणि धुरानें कीड दूर राही. आज घरोघर गॅसच्या शेगड्या आल्या, त्या आल्या हें चांगलेंच झालें. डोळ्यांचे आणि छातीचे विकार कमी झाले. पण माळा थंड व ओलसर झाला, आणि आपण मृदंग मात्र जुन्या संवयीनें तेथेंच ठेवीत राहिलों. रीत तीच, पण रीतीच्या खालची चूल विझलेली, असा हा प्रकार आहे.

दक्षिणेस बांदें ओलांडून गोव्याकडे गेलें म्हणजे हाच विचार दुसऱ्या बाजूनें पाहावयास मिळतो. तेथें घुमट हें हातानें वाजविण्याचें वाद्य आरतीस घेतात. त्याचें अंग खरोखरच मातीचें, भाजलेल्या मडक्याचें. त्याच्या तोंडावर पूर्वीं घोरपडीचें कातडें बसवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें घोरपडीस संरक्षण मिळालें, आणि तें कातडें निषिद्ध झालें. घुमट आतां संपलें, अशी भीति व्यक्त झाली. परंतु कारागीर बकऱ्याच्या कातड्याकडे वळले. आवाजांत फरक पडला, तो कानांनीं हळूहळू स्वीकारला. आणि २०१९ सालीं गोवा सरकारनें घुमटास वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली. कोणाच्या घरीं घोरपडीच्या कातड्याचें जुनें घुमट असेल आणि तें फाटलें असेल, तर पुन्हां तसलेंच कातडें शोधण्याच्या भरीस पडूं नये. तो गुन्हा आहे, आणि अनावश्यकहि आहे. माती जाऊन लोखंड आलें तेव्हां मृदंग मेला नाहीं. घोरपड सुटल्यानें घुमट मरत नाहीं.

श्रोतेहो, एवढा इतिहास पाहिल्यावर जुना मृदंग हातीं आल्यास काय करावें, हें सांगणें सोपें झालें. प्रथम पुडीकडे न पाहतां खोडाकडे पाहावें. दोन्ही तोंडें उघडी करून आंत दिवा धरावा. आरपार चीर गेली आहे काय, किडीचा भुसा पडतो काय, आणि तोंडाचे कांठ सर्वत्र सारखे व गुळगुळीत आहेत काय, हें तपासावें. कांठ एके ठिकाणीं जरी खोलगट झाला असेल, तरी तेथें पुडी बसत नाहीं आणि स्वर फुटका येतो. किडीवर उपाय करावा, बारीक चीर जाणत्या सुताराकडून भरून घ्यावी. परंतु खोड आंतून तासूं नये, मोठें करूं नये, आणि माझ्यासारखें तेल पाजूं नये. आंतलें तेल खवटतें, तें नव्या पुडीच्या कांठाला लागून कातडें मऊ पडतें. माझ्या मृदंगाचें तेल काढण्यासाठीं त्या कारागिरांना राखेनें चार वेळां खोड घासावें लागलें. बाहेरील जुना रंग आणि हातांच्या घर्षणानें आलेली झळाळी खरवडून नवें रोगण चढविण्याचीहि घाई करूं नये. ती झळाळी विकत मिळत नाहीं.

पुडी, गजरा आणि वादी हीं मात्र नवीं करण्यांत संकोच बाळगूं नये. खोडाचें माप घेऊनच पुडी करवावी. स्वर मिळवितांना एकाच घरावर हातोडी चालवूं नये. एक घर ठोकलें कीं त्याच्या समोरचें ठोकावें, म्हणजे ताण सारखा राहतो. मोठा फरक हवा असेल तेव्हां गठ्ठे, आणि थोडा हवा असेल तेव्हां गजरा. गजऱ्यावर वरून ठोकलें तर स्वर चढतो, खालून ठोकलें तर उतरतो. वाजवून झाल्याबरोबर धुमाची कणीक काढून ओलसर फडक्यानें तोंड पुसावें आणि सावलींत वाळवावें. राहिलेली कणीक आंबते, तिला मुंग्या व झुरळें लागतात, आणि सुकतांना ती कातडें ओढते. महिनोन् महिने वाजवावयाचा नसेल तर गठ्ठे सैल करावेत. उन्हांत कधीं ठेवूं नये, भिंतीला टेकवूं नये, जमिनीवर ठेवूं नये. सुती गवसणी घालून, वारें खेळेल अशा कोरड्या जागीं ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवींत बांधणें म्हणजे ओलाव्याला आंत कोंडणें होय. आकाशाला गवसणी घालण्याची भाषा आपण नेहमीं करितों. पण घरांतल्या मृदंगाला गवसणी आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें!

आणि सर्वांत मोठें रक्षण म्हणजे वाजविणें. ज्याच्यावर आठवड्यांतून एकदां हात पडतो, त्याचें दुखणें आठवड्यांत कळतें. जो भिंतीवर शोभेसाठीं टांगलेला असतो, त्याचें मरण दहा वर्षांनीं कळतें.

कोणी विचारील, आतां कृत्रिम पुड्या आणि नटबोल्टांचे मृदंग मिळत असतां हा खटाटोप कशासाठीं? या नव्या वस्तूंना मी नांवें ठेवीत नाहीं. नदीची माती सोडून भात लाविला तेव्हांहि कोणी तरी नाक मुरडलेंच असेल. कानास जें पटेल तें टिकेल. मला चिंता वाटते ती दुसरीच. पुडी घोटणारे हात कमी होत आहेत. माझा मृदंग ज्यांनीं मढविला, त्यांच्या घरीं आतां तो दगड हातीं घेणारें कोणी नाहीं. मुलें नोकरीसाठीं बाहेर गेलीं आहेत, आणि गेलीं यांत त्यांचा दोष नाहीं. पुडी मरते तिला उपाय आहे, कारण दुसरी करणारा आहे. करणाराच नाहींसा झाला, तर फणसाचें उत्तम खोडहि खरोखरच टेबलाचा पाय होऊन राहील. म्हणून माझी विनंति एवढीच कीं, या चतुर्थीपूर्वीं माळ्यावरचा मृदंग खालीं काढावा, आणि "हा गेला" असें म्हणण्यापूर्वीं एकदां तो मढविणाऱ्याच्या दारीं न्यावा. त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी. जमल्यास घरांतलें एखादें मूल बरोबर न्यावें, आणि शाई कशी घोटतात तें त्याला तासभर पाहूं द्यावें.

माझा मृदंग तयार होऊन आला, त्या वर्षीं गणपतींत ज्या घरचा तो होता त्या वाडींतील एका वृद्ध भजनी गृहस्थांना मीं मुद्दाम बोलाविलें. वयामुळें त्यांना फार वेळ बसवत नव्हतें. कणीक त्यांनीं स्वतःच्या हातानें लाविली, दोन थापा मारल्या, कांहीं क्षण कान देऊन ऐकलें, आणि मान हलविली. मीं भीतभीत विचारलें, "तोच आवाज आहे का?" ते म्हणाले, "तो आवाज नाय हो, गुरुजीनू. पण घर तांच." आणि त्यांनीं आरतीचा ठेका धरला.

चिरलेली ती जुनी पुडी मीं टाकलेली नाहीं. ती माझ्या पेटींत आहे. दर वैशाखांत ऊन तापलें म्हणजे तिची आठवण होते, आणि मी उठून मृदंग सावलींत आहे ना, तें पाहून येतों.